वळणावर हत्यार बदलतं

आजोबांच्या आरामखुर्चीचा उजवा हात मोडला, तेव्हा नवा हात घरीच करायचा असं मी ठरवलं. खुर्ची सागवानी, जुन्या वाड्यांतून असायची तसली, लांब हातांची; दुपारचं जेवण झालं की त्या हातांवर पाय टाकून पडायचं, अशा कामाची. तिचा हात लांबून सरळ दिसतो. बाजूनं नीट पाहिला की कळतं, कोपर टेकतं तिथं तो खोलगट होत जातो, तळहाताशी पुन्हा वर उचलतो आणि टोकाला नारळाच्या पाठीसारखा गोल होऊन खाली उतरतो. कडा बोटांना लागू नयेत म्हणून त्याही मारलेल्या. सगळ्या हातात सपाट म्हणावी अशी जागा बोटभरही नाही.

जुन्या हातावरून पुठ्ठ्याचा साचा कापला, तो फळीवर आखला, बारीक पात्याच्या करवतीनं आकार कापून काढला. इथवर बरं चाललं. मग रंधा घेतला आणि काम अडलं. टोकाच्या गोलाईवर रंधा फिरवला तर गोलाई जाऊन एकाशेजारी एक सपाट पट्टे उमटले. खोलगट भागात तर पातं लाकडाला लागेचना. शेवटी पटाशी घेऊन तो भाग तासायला गेलो. एका जागी वीतभर सुंदर सालपट निघालं, आणि चार बोटं पुढे गेल्यावर त्याच पटाशीनं लाकडाचा लचका तोडला.

वळणदार लाकडाला कोणतं हत्यार घ्यावं, असं दुकानात विचारलं तर दुकानदार एकेक वस्तू काढून समोर मांडतो. पण निवड दुकानात होत नाही, ती लाकडापाशी होते. दोन गोष्टी पाहाव्या लागतात: लाकडाचे धागे त्या वळणाला कुठे आणि कसे छेदले गेलेत, आणि हत्याराचा तळ किती लांब आहे. या दोन गोष्टी कळल्या की पुढची बरीचशी निवड आपोआप होते.

धाग्यांपासून सुरुवात करू. झाडाच्या खोडातल्या बहुतेक पेशी लांबट असतात आणि खोडाच्या दिशेनं उभ्या रचलेल्या असतात. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत त्यांची लांबी तीनेक मिलिमीटर, सागासारख्या रुंद पानांच्या झाडांत एक-दीड मिलिमीटर. एकमेकींना चिकटलेल्या अशा असंख्य बारीक नळ्यांची जुडी म्हणजे लाकूड. ही जुडी आडवी तोडायला कठीण, उभी फाडायला सोपी. जळाऊ लाकडाचे कुऱ्हाडीनं दोन तुकडे होतात ते याचमुळे.

सरळ फळीतून वळणदार आकार कापला की आकार वळतो, धागे वळत नाहीत. ते पूर्वीसारखेच सरळ पडून असतात आणि नवा पृष्ठभाग त्यांना तिरका छेदत जातो. प्रत्येक उतारावर धाग्यांची टोकं उघडी पडतात, कौलारू छपरावर कौलांच्या खालच्या कडा उघड्या असतात तशी. आढ्याकडून वळचणीकडे हात फिरवा, कुठे अडत नाही. वळचणीकडून आढ्याकडे फिरवा, प्रत्येक कौलाची कड बोटात येते, आणि जोर लावला तर कौल उचकटतं. माझ्या पटाशीनं नेमकं हेच केलं होतं. उतरताना तिची धार धाग्यांची टोकं छाटत होती आणि खालच्या धाग्यांचा त्या टोकांना आधार होता. उतार संपून चढ लागला, तशी तीच धार टोकांच्या खाली शिरली आणि लाकूड धारेच्या पुढे पुढे फाटत गेलं.

तेव्हा नियम असा: नेहमी आढ्याकडून वळचणीकडे. वळण फुगीर असेल तर सगळ्यांत उंच जागेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना खाली उतरायचं. खोलगट असेल तर दोन्ही काठांवरून तळाकडे यायचं आणि तळाशी हात उचलायचा. पलीकडचा चढ चढायचा नाही. कुठलंही हत्यार हातात घेण्याआधी मी आता पेन्सिलनं लाकडाच्या कुशीवर बाण काढतो. मिनिटभराचं काम, पण त्यानं पुढचे लचके वाचतात. खोलगट भागाच्या तळाशी दोन्ही बाजूंचे बाण समोरासमोर येतात. ती दोन-तीन बोटांची जागा सगळ्या कामात अवघड, आणि तिच्यासाठीच पुढे वेगळं हत्यार लागतं.

सगळी वळणं मात्र अशी कापून काढलेली नसतात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या काळपट खुर्च्या आठवा. त्यांच्या घराण्याची मूळ खुर्ची म्हणजे मायकेल थोनेटची १४ नंबरची, १८५९ सालची: बीचच्या काठ्या वाफेवर मऊ करून साच्यात वाकवलेल्या. तिथं आकाराबरोबर धागेही वळलेत. अशा काठीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पातं ओढलं तरी ते क्वचितच अडतं. तिसरी तऱ्हा झाडानंच वाकवलेल्या लाकडाची. लाकडी नांगरासाठी आपले सुतार बाभळीचं मुळातच बाक असलेलं लाकूड हेरून ठेवत. होड्या बांधणारे फासळ्यांसाठी वाकड्या फांद्या शोधत. धागे बाकाबरोबर जात असल्यामुळे असं लाकूड ताण सोसतं. सरळ फळीतून तोच आकार कापला तर वळणावर धागे आखूड पडतात आणि तिथंच तो मोडतो. आजोबांच्या खुर्चीचा हात मोडला तोही तळहाताच्या वळणाशी. मोडलेले दोन तुकडे उन्हात धरले तेव्हा ते आखूड धागे पायऱ्यांसारखे दिसत होते. नवा हात आखताना मग मी साचा फळीवर थोडा तिरका फिरवून घेतला, म्हणजे त्या जागी धागे जास्तीत जास्त लांब राहिले. एकही हत्यार न लावता झालेली ती सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा होती.

आता तळाची लांबी. माझ्या रंध्याचा तळ २५ सेंटीमीटर. खुर्चीच्या हाताचा खोलगट भाग साच्यावरून मोजला तर त्याची त्रिज्या साधारण ५० सेंटीमीटर भरली. एवढ्या खोलगट जागेत रंधा ठेवला की त्याची दोन्ही टोकं टेकतात आणि मध्यभाग सुमारे १६ मिलिमीटर अधांतरी राहतो. पातं तेवढं बाहेर काढणं शक्यच नाही. गणित सोपं आहे: तळाच्या लांबीचा वर्ग करायचा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीनं भागायचं, की पोकळी मिळते. तळाची लांबी दहापट कमी केली तर पोकळी शंभरपट कमी होते. तळ अडीच सेंटीमीटरचा असेल तर त्याच जागी पोकळी उरते ०.१६ मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाएवढी. पातं तेवढं बाहेर काढता येतं.

वळणाच्या कामात आखूड तळाचं हत्यार लागतं त्याचं कारण हे एवढंच. फुगीर वळणावर लांब तळ अडत नाही, पण तो एका वेळी एकाच ठिकाणी टेकतो आणि पुढेमागे डोलतो. माझ्या गोलाईवर पट्टे उमटले ते त्यामुळे. कुशल हात साध्या रंध्यानंसुद्धा फुगीर भाग सुरेख करतात: पट्टे अरुंद, आणखी अरुंद करत नेतात. खोलगट भागात मात्र कौशल्य चालत नाही. तिथं भूमितीच आडवी येते.

करवतीनंतरही बरंच लाकूड काढायचं असेल तर बारीक हत्यारानं कुरतडत बसू नये. आपल्याकडे या कामाला वाकस आहे: पातं दांड्याला आडवं, कुदळीसारखं, स्वतःकडे घाव घालत ढलपे काढायचे. युरोपातल्या सुतारांकडे याच पायरीवर ड्रॉनाइफ येतो. तो म्हणजे दोन्ही टोकांना मुठी असलेला लांब सुरा; लाकूड समोर घट्ट पकडून तो आपल्याकडे ओढायचा. वाकस काय किंवा ड्रॉनाइफ काय, दोघांनाही तळ नाही, म्हणून कुठलंही वळण त्यांना चालतं. पण तळ नाही म्हणजे पातं किती खोल जावं याला आवर घालणारंही काही नाही. धाग्याची दिशा चुकली की सगळ्यांत मोठा लचका हेच तोडतात. आखलेल्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबावं आणि हत्यार बदलावं.

त्यानंतरचं हत्यार म्हणजे स्पोकशेव्ह, आणि वळणाच्या कामाचा खरा कणा तोच. स्पोक म्हणजे चाकाचा आरा. गाडीच्या चाकाचे आरे तासायचं ते हत्यार म्हणून हे नाव. रंध्याचा मधला दोन बोटांएवढा भाग कापून त्याला दोन्ही बाजूंना पंखांसारख्या मुठी लावल्या तर जे होईल ते म्हणजे स्पोकशेव्ह. जुने लाकडी असत. १८५८ साली अमेरिकेत लिओनार्ड बेलीनं लोखंडी स्पोकशेव्हचं पेटंट घेतलं, १८६९ मध्ये त्याचा धंदा स्टॅन्ली कंपनीकडे गेला, आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक स्पोकशेव्ह त्याच वळणाचे असतात. दोन्ही जातींत फरक आहे. लाकडी स्पोकशेव्हचं पातं जवळजवळ आडवं बसलेलं असतं. ते मऊ लाकडात आणि धाग्यांच्या तोडलेल्या टोकांवर गोड चालतं. लोखंडीमधलं पातं रंध्यासारखं उभट, साधारण ४५ अंशांत. सागासारख्या लाकडावर मला लोखंडी जास्त विश्वासाचा वाटतो.

स्पोकशेव्ह घ्यायचा ठरला की दुकानदार विचारतो, तळ सपाट की गोल? इथं बहुतेक नवशिके गोल तळाचा मागतात, कारण काम वळणाचं आहे. माझं मत उलट आहे. पहिला स्पोकशेव्ह सपाट तळाचा घ्यावा. फुगीर भाग सगळा त्यानं होतो, आणि वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे पसरट खोलगट भागही होतो. गोल तळ लाकडावर फक्त एका रेषेत टेकतो, त्यामुळे तो सतत पुढेमागे कलतो. नेमका कोन धरायला मनगटाला सवय लागेपर्यंत पातं एक तर घसरतं, नाही तर थरथरत लाकडावर पायऱ्या पाडतं. तो लागतो तो घट्ट वळणासाठी. माझ्या खुर्चीच्या हातावर तळहाताच्या मागे १० सेंटीमीटर त्रिज्येची एक खाच आहे. तिथं सपाट तळाखाली ०.८ मिलिमीटरची पोकळी राहते, आणि पातं तेवढं बाहेर काढलं तर ते तासत नाही, रुततं. अशा जागी गोल तळ घ्यावाच लागतो. त्याची गोलाई लाकडाच्या वळणापेक्षा थोडी घट्ट हवी, पण फार घट्ट नको. जितकी जवळची, तितका हात स्थिर.

स्पोकशेव्ह पुढे ढकलताही येतो आणि मागे ओढताही येतो. धाग्याची दिशा बदलली की लाकूड उलटं करून पुन्हा व्हाइसमध्ये आवळायची गरज नाही. उभं राहून ढकलत होतो ते ओढायला लागायचं. अंगठे मुठींच्या टोकाला नकोत, पात्याच्या अगदी मागे हवेत. पातं बसवताना एका बाजूला केसभर जास्त बाहेर काढलं तर त्या बाजूनं जाड सालपट निघतं आणि दुसऱ्या बाजूनं बारीक, म्हणजे एकाच हत्यारात दोन हत्यारं मिळतात. पात्याला धार लावणं मात्र कटकटीचं, कारण ते इतकं आखूड असतं की बोटांत धरवत नाही. लाकडाच्या पट्टीला करवतीनं एक खाच पाडून तिच्यात पातं अडकवावं, म्हणजे पट्टीचीच मूठ होते.

मोठ्या, एकसारख्या कमानीसाठी कंपास रंधा म्हणून एक हत्यार आहे. त्याचा तळ पातळ पोलादी पट्टीचा असतो आणि स्क्रू फिरवून तो आत किंवा बाहेर वाकवता येतो. गोल टेबलाची कड किंवा दरवाजावरची कमान यांसाठी त्याला तोड नाही. खुर्चीच्या हातासारख्या, दर वितीला वळण बदलणाऱ्या कामात तो निरुपयोगी. तो एका वेळी एकच त्रिज्या धरतो.

आता त्या खोलगट भागाच्या तळाकडे येऊ, जिथं दोन्ही बाजूंचे धागे समोरासमोर येतात. शिसवासारख्या लाकडात तर अशी जागा सगळीकडेच असते, कारण तिथं धागे पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट फिरलेले असतात. इथं एकच लांब धार चालवून भागत नाही. इथं रास्प लागते.

रास्प म्हणजे लाकडाची कानस. लोखंडाच्या कानशीवर आडव्या रेघा असतात, रास्पेवर सुटे टोकदार दाते. प्रत्येक दाता स्वतंत्रपणे लाकडाचा कणभर तुकडा उचलतो. कापण्याची लांबीच एवढीशी असल्यामुळे फूट पुढे पळायला वाव राहत नाही; म्हणून रास्पेला धाग्याची दिशा फारशी विचारावी लागत नाही. यंत्रावर बनलेल्या रास्पेचे दाते ओळीत असतात आणि ते एकामागून एक त्याच चरात चालतात, त्यामुळे लाकडावर खोल रेघा पडतात. फ्रान्समध्ये ओरिऊ आणि लिओजिये यांच्यासारख्या कारखान्यांत आजही कारागीर एकेक दाता छिन्नीच्या ठोक्यानं हातानं उठवतात. हाताच्या ठोक्यात किंचित अनियमितपणा येतो आणि तोच इथं गुण ठरतो: दाते एकमेकांच्या चरात पडत नाहीत, पृष्ठभाग बराच तलम निघतो. अशी रास्प महाग असते. पण हत्यारांवर एकदाच मोठा खर्च करायचा असेल तर तो रास्पेवर करावा, असं मी ठामपणे सांगेन. आकार निवडताना अर्धगोल घ्यावा: सपाट बाजू फुगीर भागाला, गोल बाजू खोलगट भागाला. आणि चालवताना ती सरळ ढकलू नये. पुढे जाताजाता बाजूलाही सरकवावी. एकाच जागी सरळ घासली की वळणात खड्डे पडतात, आणि खड्डे काढण्याच्या नादात वळणच बदलतं.

खिसणीसारखी भोकं असलेली सुरफॉर्म नावाची पट्टीही दुकानांत मिळते. मऊ लाकडात ती झपाट्यानं काम उरकते. कडक सागावर तिनं माझं समाधान केलं नाही.

रास्पेच्या रेघा काढायला बारीक कानस, आणि कानशीच्या रेघा काढायला स्क्रेपर. स्क्रेपर दिसायला अगदी सामान्य: पोस्टकार्डाएवढा, मिलिमीटरभरापेक्षाही पातळ पोलादाचा तुकडा. आपल्याकडचे सुतार याच कामाला फुटलेल्या काचेचा तुकडा किंवा करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा वापरत आले आहेत. त्याची धार वेगळ्याच प्रकारची. पात्याची कड आधी कानशीनं अगदी काटकोनात सपाट करायची, मग दगडावर घासून चकचकीत करायची आणि मग पटाशीच्या पाठीसारख्या कठीण पोलादानं दाबून ती कड किंचित बाहेर वाकवायची. डोळ्याला न दिसणारा, बोटाला मात्र जाणवणारा केसाएवढा आकडा तयार होतो. तो आकडाच लाकूड कापतो. स्क्रेपर लाकडावर जवळजवळ उभा धरतात, त्यामुळे निघणारं सालपट लगेच मोडून वर वळतं. धागा उपसून पुढे फाटायला सवडच मिळत नाही. समोरासमोर आलेल्या धाग्यांवर म्हणूनच तो चालतो. सालपटाऐवजी भुकटी निघू लागली की आकडा झिजला असं समजावं आणि पुन्हा कड वाकवावी. फार वेळ घासलं तर पातं इतकं तापतं की अंगठे भाजतात, मध्येमध्ये थांबावं.

खोलगट भागाला सरळ कडेचा स्क्रेपर चालत नाही. हंसाच्या मानेसारख्या वळणाचा स्क्रेपर मिळतो; त्याच्या कडेवर प्रत्येक ठिकाणी वेगळी गोलाई असते, आपल्या जागेला जुळेल ती शोधायची. करवतीच्या जुन्या पात्यातून हवा तो आकार कापून घरीही करता येतो. माझे दोन्ही स्क्रेपर असेच आहेत. मऊ लाकडावर मात्र स्क्रेपरचा फार भरवसा धरू नये. तिथं तो कापण्याऐवजी धागे चेपतो.

आतापर्यंत एका दिशेनं वळलेल्या लाकडाचं झालं. भाकरीचं पीठ मळायची काथवट दोन्ही दिशांनी खोल असते आणि तिथं हिशेब बदलतो. हत्याराचा तळ पुढून-मागून गोल असून भागत नाही, तो डावीकडून-उजवीकडेही गोल लागतो. नाही तर पात्याचे कोपरे रुततात. इंग्लंडच्या हाय विकम भागात विंडसर खुर्च्या बनत, त्यांच्या बैठकी अशाच दोन्ही दिशांनी कोरलेल्या. लाकूड एल्मचं, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि कडेला पायांसाठी भोकं पाडली तरी ते फुटत नाही. पण हेच गुंतलेले धागे तासायला त्रास देतात. तिथले कारागीर आधी वाकसासारख्या हत्यारानं धाग्यांना आडवे घाव घालून पोकळी काढत, मग वाकवलेल्या पात्याचा ड्रॉनाइफ, मग ट्रॅव्हिशर म्हणजे पोटात बाक असलेला स्पोकशेव्ह, आणि शेवटी स्क्रेपर. इथंही क्रम तोच: तळ नसलेलं हत्यार, मग आखूड तळाचं, मग उभ्या धारेचं.

याच रस्त्यानं पुढे गेलं की वाद्यं लागतात. व्हायोलिनची पुढची पाटी दोन्ही दिशांनी फुगीर आणि सगळी मिळून तीनेक मिलिमीटर जाडीची. ती घडवायचे रंधे अंगठ्याच्या पेराएवढे असतात, तळ दोन्ही बाजूंनी गोल. इटलीतल्या क्रेमोनाच्या संग्रहालयात व्हायोलिनकार आंतोनिओ स्त्रादिवारीचे साचे आणि आराखडे जपून ठेवलेत. आपल्या मिरजेचीही गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी केली आणि ते शिकलगारांपैकी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांपैकी होते. तानपुऱ्याच्या तबलीचा हलका फुगवटा आणि दांडीची गोल पाठ पाहताना मला या वंशावळीचं नवल वाटत नाही. वळणाच्या लाकडात हाताला सगळ्यांत आधी धारच समजावी लागते.

सराव करायला आरामखुर्ची नको, कुऱ्हाडीचा दांडा घ्यावा. गोतास काळ म्हणून आपण त्याला म्हणीत घातलं, पण शिकायला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम. लवचीक आणि चिवट म्हणून हत्यारांच्या दांड्यांना ते पूर्वीपासून नावाजलेलं आहे. चौकोनी तुकडा एकदम गोल करायला जाऊ नये. आधी अष्टकोन करावा. त्यासाठी चौकोनाच्या बाजूचे २४ भाग मानायचे आणि दोन्ही कडांपासून ७-७ भागांवर रेघा मारायच्या. मधे १० भाग उरतात. या रेघांपर्यंत चारी कोपरे स्पोकशेव्हनं उतरवले की जवळजवळ अचूक अष्टकोन होतो. जहाजांच्या डोलकाठ्या गोल करणारे याच प्रमाणानं आखत. अष्टकोनाचे सोळा कोन करावेत, मग बारीक सालपटं काढत गोल करावं. पट्टे डोळ्यासमोर असले की लाकूड कुठे जास्त गेलं ते लगेच दिसतं. एकदम गोल करायला गेलं तर दांडा कधी वाकडा झाला ते कळतच नाही. खुर्चीच्या हाताच्या कडाही मी अशाच उतरवल्या.

काचकागदाबद्दल थोडक्यात. तो वाईट नाही, पण तो शेवटचा आहे. वळणावर बोटांनी दाबून घासला की लाकडाचे मऊ पट्टे लवकर झिजतात, कडक पट्टे मागे राहतात आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. हवाई चपलेच्या जुन्या रबराचा तुकडा वळणाला जुळेल असा कापून त्यावर कागद गुंडाळला तर हे टळतं. १२०, मग १८०, मग २२० नंबर पुरे. आणि एकदा काचकागद लावला की त्या जागी पुन्हा पातं चालवू नये. कागदाचे कण लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि धार खातात. सागात मुळातच वाळूसारखी सिलिका असते, तिच्यामुळे धार लवकर बोथट होते ते वेगळंच. शिवाय भुगा. सागाच्या भुग्यानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, आणि लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सालपट खाली पडतं, भुकटी नाकात जाते. मी घासताना मास्क लावतो.

वळण बरोबर झालं की नाही हे डोळ्यांनी पाहायचं तर दिवेलागणीच्या वेळी खिडकीशी पाहावं, जेव्हा उजेड आडवा येतो. दिवसा न दिसलेले उंचवटे सावल्या टाकतात. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे डोळे मिटून तळवा फिरवणं. बांबूची पातळ कामटी वाकवून वळणावर टेकवली तर ती जिथून उचलते तिथं खड्डा आणि जिथं डोलते तिथं उंचवटा असतो, हेही लगेच कळतं.

हत्यारं आणायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारावी. गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात एखादा जुना स्पोकशेव्ह सापडतो. तळ वाकलेला नसावा, पात्यात निदान बोटभर पोलाद उरलेलं असावं, दोन्ही मुठी शाबूत असाव्यात. गंज वरवरचा असेल तर तो एका संध्याकाळी निघतो. रास्प मात्र जुनी घेऊ नये. बोथट झालेले तिचे दाते घरी पुन्हा उठवता येत नाहीत.

नवा हात बसवायच्या आधी, मापं पडताळावीत म्हणून मी खुर्चीचा शाबूत डावा हात काढून उलटा केला. वरून तो आरशासारखा. खालून मात्र कधी कुणी पाहणार नाही अशा जागी वाकसाचे घाव तसेच ठेवलेले होते, शिंपल्यांसारखे उथळ, एकाशेजारी एक. खोलगट भागात सगळे घाव दोन्ही काठांवरून तळाकडे उतरत होते आणि तळाशी, जिथं धागे समोरासमोर येतात तिथं, दोन्ही रांगा थांबल्या होत्या. एकही घाव चढावर नव्हता. त्या सुतारानं बोट लागेल तेवढ्याच भागावर बारीक हत्यार चालवलं होतं. मीही मग नव्या हाताची खालची बाजू तशीच सोडली, स्पोकशेव्हच्या पट्ट्यांसकट.